उंब्रजला न उतरता

प्रश्न : मी साताऱ्याला राहते आणि कराडच्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे. वय ३४. आठ महिन्यांपूर्वी, ऐन मार्चअखेरच्या धांदलीत, सकाळच्या एसटीत उंब्रजच्या थोडे अलीकडे एकाएकी छाती धडधडू लागली, श्वास पुरेना, बोटांना मुंग्या आल्या, दरदरून घाम फुटला आणि आता आपण वाचत नाही असे वाटले. कंडक्टरने उंब्रजला उतरवून दवाखान्यात पोचवले. ईसीजी चांगला निघाला. नंतर आणखी दोन ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, थायरॉइड, रक्त, सगळे झाले; सगळे नॉर्मल. तरीही असे पाच-सहा वेळा झाले. फॅमिली डॉक्टरांनी अल्प्राझोलामची गोळी दिली. आधी अर्धी पुरत असे. आता रात्री एक आणि प्रवासापूर्वी एक लागते. एसटी मी सोडली आहे. मिस्टर तासवड्याच्या एमआयडीसीत आहेत, त्यांची पहिली पाळी असते तेव्हा मोटारसायकलवर जाते, एरवी रजा टाकते. दोन वर्षांपूर्वी वडील हार्ट अटॅकने गेले. आईसुद्धा ‘जीव घाबरतोय’ म्हणून लग्नकार्याला जात नसे. सासूबाई म्हणतात मनावर घेऊ नकोस. शेजारच्या काकू म्हणतात नजर लागली. मला नेमके काय झाले आहे, हे माझ्या आठ वर्षांच्या मुलीत उतरेल का, आणि मानसोपचाराच्या गोळ्या एकदा सुरू केल्या की जन्मभर घ्याव्या लागतात का? प्राणायामाने भागणार नाही का?

उत्तर : पत्रावरून निदान करणे योग्य नव्हे, तुम्हाला समोर बसवून तपासल्यावरच ते पक्के होईल. तरीही तुम्ही लिहिलेल्या खुणा, म्हणजे एकाएकी उसळून काही मिनिटांत शिगेला पोचणारी भीती, ती पुन्हा येईल ही न हटणारी धास्ती आणि त्यापायी बदललेली दिनचर्या, या पॅनिक डिसऑर्डर नावाच्या चिंताविकाराशी जुळतात. त्याच्या जोडीला, जिथून मनात येईल तेव्हा बाहेर पडता येत नाही अशा जागांची भीती तुमच्यात बसली आहे. तिला अॅगोराफोबिया म्हणतात. चिंताविकारांच्या या गोतावळ्यात इतरही आहेत. कोणी सहा-सहा महिने बारीकसारीक गोष्टींच्या काळजीने पोखरला जातो, कोणाची चारचौघांत बोलायचे म्हटले की बोबडी वळते, कोणाची भीती पाल, उंची किंवा इंजेक्शनची सुई एवढ्यापुरतीच असते. तुमच्या कामाचे आहे तेवढ्यावरच मी थांबते.

ईसीजी चांगला निघाल्यावर ‘तुम्हाला काहीही झालेले नाही’ असे तुम्हाला सांगितले गेले असणार. ते अर्धेच खरे आहे. तुमच्या हृदयाला काही झाले नव्हते. तुम्हाला मात्र बरेच काही झाले होते. ही गल्लत आजची नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धातील कितीतरी सैनिक छाती धडधडते, दम लागतो, अशा तक्रारी घेऊन जेकब दा कोस्टा या डॉक्टरांकडे येत. तपासून हृदयात दोष सापडत नसे आणि त्रास तर खरा असे, म्हणून त्यांनी १८७१ मध्ये ‘चिडखोर हृदय’ असे नाव देऊन या अवस्थेचे वर्णन लिहिले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात पॅनिक डिसऑर्डरला स्वतंत्र स्थान मिळायला १९८० उजाडावे लागले. आजही भीतीच्या अशा पहिल्या झटक्यानंतर, म्हणजे पॅनिक अटॅकनंतर, माणूस हृदयरोगतज्ज्ञाकडेच धावतो, आणि एकदा जाणे योग्यही असते; कारण थायरॉइडचा अतिस्राव, रक्तक्षय, ठोक्यांची अनियमितता, साखर उतरणे किंवा दम्याच्या पंपाचा जादा वापर यांतूनही असेच चित्र उभे राहू शकते. श्रम करताना छातीत दुखू लागले किंवा शुद्ध हरपली, तर पुन्हा जरूर तपासून घ्यावे. पण तसे काही नसताना चौथा ईसीजी काढून तुम्हाला नवे काही कळणार नाही. दोन दिवस बरे वाटेल आणि तिसऱ्या दिवशी ‘त्या वेळी मशीनला दिसले नसेल तर?’ ही शंका परत येईल.

त्या सकाळी शरीरात काय घडले, ते आधी समजून घ्या, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. शेताच्या बांधावरून जाताना पायाशी साप सळसळला, तर विचार करण्याआधीच आपण उडी मारलेली असते. मेंदूतील अॅमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग धोक्याची वर्दी देतो, मूत्रपिंडांवरील अॅड्रिनल ग्रंथी अॅड्रिनलिन सोडतात, आणि लढायला किंवा पळायला लागणारे बळ क्षणात गोळा होते. शरीराच्या या सज्जतेचे शास्त्रीय वर्णन वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली केले होते. हृदय जोराने चालते, कारण स्नायूंना रक्त हवे असते. घाम येतो, कारण धावताना तापणारे अंग निवायला हवे. पोटात गोळा येतो, कारण त्या घटकेला पचन दुय्यम ठरते. तुम्ही ज्यांना मरणाच्या खुणा समजलात, त्या सगळ्या जगण्याच्या धडपडीच्या खुणा आहेत. फरक इतकाच की एसटीत साप नव्हता. वर्दी खोटी होती, फौज मात्र खरी निघाली.

बोटांच्या मुंग्यांचेही कारण सांगते. भीतीने आपण भराभर आणि उथळ श्वास घेतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, आणि त्यातून मुंग्या, ओठांभोवती बधिरपणा, डोके हलके होणे आणि ‘श्वास पुरत नाही’ ही भावना निर्माण होते. म्हणजे हवा कमी पडल्यासारखे वाटत असते, ती जास्त घेतल्यामुळे. आपण आता बेशुद्ध पडणार, अशीही धास्ती अनेकांना असते. परंतु अटॅकमध्ये रक्तदाब सहसा वाढलेला असतो आणि शुद्ध हरपते ती बहुधा तो उतरल्यावर, त्यामुळे गरगरले तरी माणूस कोसळणे विरळाच. हे वादळ साधारण दहा मिनिटांत शिगेला जाते आणि अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तुम्ही उंब्रजला उतरला नसता तरीही ते ओसरले असते. हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

आता ‘का झाले’ या प्रश्नाकडे येऊ. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण हा प्रश्न घेऊन येतो आणि उत्तर एकच असावे अशी त्याची अपेक्षा असते. माझ्या मते येथे दोन प्रश्न एकत्र मिसळले आहेत. आजार सुरू होण्याची कारणे वेगळी असतात आणि तो टिकून राहण्याची वेगळी. पहिली बहुतेक वेळा भूतकाळात असतात आणि आपल्या हातातून गेलेली असतात. दुसरी आजची, रोजची असतात, आणि उपचार त्यांच्यावरच काम करतो.

सुरू होण्याची कारणे तुमच्या पत्रातच आहेत. आईचा ‘जीव घाबरणे’ हा बहुधा याच जातीचा त्रास असावा. त्या काळी त्याला नाव नव्हते एवढेच. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून पाहता, चिंताविकारांत माणसामाणसांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला ३० ते ४० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असतो. बायकांमध्ये हे विकार पुरुषांच्या साधारण दुप्पट आढळतात. वडील अचानक हृदयविकाराने गेले, तेव्हापासून छातीतला प्रत्येक ठोका तुमच्यासाठी संशयित झाला. त्यात मार्चअखेरचा ताळेबंद, आणि बहुधा अपुरी झोप, वारंवारचा चहा आणि कोंबून भरलेली बस. यांपैकी कोणतीही एक गोष्ट पुरेशी नव्हती. सगळ्या एकाच सकाळी एकत्र आल्या.

मुलीच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे, तर वारशाने आजार उतरत नाही, हळवा स्वभाव उतरतो, आणि त्याचे पुढे काय होते ते घरातल्या वागण्यावर बरेच अवलंबून असते. आई भीतीपोटी बसमध्ये चढत नाही, हे मूल पाहते. आई भीत भीत का होईना चढते, हेही मूल पाहते.

आता टिकून राहण्याच्या कारणांकडे. इंग्लंडचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकचे जे स्पष्टीकरण मांडले, ते आजही उपचाराच्या मुळाशी आहे. शरीरात एखादी साधी हालचाल होते, समजा जिना चढून ठोके वाढले. त्याचा अर्थ आपण ‘हार्ट अटॅक’ असा लावतो. त्या अर्थाची भीती वाटते, भीतीने ठोके आणखी वाढतात, वाढलेले ठोके आपल्या शंकेचा पुरावा ठरतात, आणि हे रहाट काही मिनिटांत टोकाला जाते. त्या टोकावर तुम्ही उंब्रजला उतरलात. उतरल्यावर बरे वाटले. मेंदूने हिशेब मांडला : उतरलो म्हणून वाचलो. वादळ आपोआप ओसरणार होते हे त्याला पाहायलाच मिळाले नाही. त्यानंतर तुम्ही मोटारसायकल धरलीत, रजा टाकल्यात, आणि पत्रात नसले तरी मी अंदाज करते की पर्समध्ये पाण्याची बाटली असते, पट्टीतली एक गोळी कातरून छोट्या कप्प्यात ठेवलेली असते, कुठेही बसलात तरी दाराजवळची जागा पाहता आणि दर थोड्या वेळाने मनगटावर बोट ठेवून नाडी बघता. या प्रत्येक गोष्टीने त्या दिवसापुरता दिलासा मिळतो आणि ‘यामुळेच वाचलो’ हा हिशेब आणखी पक्का होतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस ही म्हण आपण भित्र्याला हिणवण्यासाठी वापरतो. पण त्याची खरी अडचण अशी की तो मागे वळून बघायला थांबतच नाही, त्यामुळे मागे राक्षस आहे की बाभळीची सावली, हे त्याला कधीच कळत नाही.

म्हणून चिंताविकाराचा मुख्य उपचार मागे वळून पाहायला शिकवणारा असतो. त्याला कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी किंवा सीबीटी म्हणतात; साधारण १२ ते १६ बैठका लागतात, दर आठवड्याला एक. धीराचे चार शब्द किंवा उपदेश ऐकायला मिळतील, अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना मी एकदा, हृदय निर्दोष असल्याची खात्री करून घेतल्यावर, नाक चिमटीत धरून सरबताच्या बारीक नळीतून मिनिटभर श्वास घ्यायला सांगितले. चाळिसाव्या सेकंदाला त्यांनी नळी टेबलावर टाकली आणि म्हणाले, “हेच ते. अगदी हेच होतं मला.” थोड्या वेळाने त्यांच्याच लक्षात आले की हे त्यांनी स्वतः, खुर्चीवर बसून, दोन रुपयांच्या नळीने तयार केले होते आणि ते आपोआप गेलेही होते. मग फिरत्या खुर्चीत गिरक्या झाल्या, जागच्या जागी धावणे झाले. तिसऱ्या बैठकीत नळी हातात घेताना ते हसत होते. धडधडीची ओळख झाली की तिचा दरारा उतरतो, आणि ही ओळख वाचून होत नाही, अनुभवूनच होते. अशा व्यायामांची सुरुवात मात्र तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावी.

तुमच्यासाठी पुढची पायरी रस्त्यावरची आहे, आणि तो रस्ता तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. पहिल्या आठवड्यात सातारा स्टँडवर उभ्या असलेल्या बसमध्ये नुसते बसणे, मग नागठाण्यापर्यंतचे तिकीट, मग अतीत, मग उंब्रज, आणि मग कराड. निघण्यापूर्वी एका चिठ्ठीवर लिहायचे की आज काय होईल असे मला वाटते : ‘मी बेशुद्ध पडेन’, ‘मला ओरडावे लागेल’, जे वाटेल ते. परत आल्यावर त्याच चिठ्ठीच्या मागे प्रत्यक्षात काय झाले ते लिहायचे. भीती वाटेल, कदाचित जोरात वाटेल, आणि ती वाटणे हीच त्या दिवसाची कमाई असते. मध्येच उतरले की ती बुडते. जागा मधल्या रांगेतली घ्यायची. पाण्याची बाटली पहिल्या काही फेऱ्यांत वरच्या रॅकवर ठेवायची आणि नंतर घरी. एखादी फेरी बिघडेल. तसे झाले तर पायरी सोडायची नाही, तीच दुसऱ्या दिवशी पुन्हा चढायची.

औषधांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमची खरी काळजी तिथे आहे आणि माझीही. मात्र दोघींच्या काळज्या वेगवेगळ्या गोळ्यांच्या आहेत. तुम्ही जी गोळी अजून घेतलेली नाही तिला भीत आहात, आणि मला चिंता वाटते ती तुम्ही आठ महिने घेत आहात तिची. अल्प्राझोलाम हे बेन्झोडायझेपिन या शामक गटातील औषध आहे. ते अर्ध्या-पाऊण तासात आराम देते, यात शंका नाही, आणि थोड्या दिवसांपुरते त्याला स्थानही आहे. परंतु काही आठवड्यांतच शरीराला त्याची सवय लागते, तेवढाच आराम मिळवायला मात्रा वाढवावी लागते, आणि तुमची अर्धीची एक आणि एकाच्या दोन झाल्या त्या अशाच. मात्रा उतरू लागली की होणारी अस्वस्थता माणसाला आजारच वाटते. गोळीच्या पट्टीवर लाल चौकटीतली सूचना छापलेली असते, कारण २०१४पासून हे औषध औषध नियमांच्या एच-१ या परिशिष्टात आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. ‘झोपेची साधी गोळी’ म्हणून ते हातावर ठेवणाऱ्यांनी ती चौकट एकदा तरी वाचावी. मात्र हे वाचून उद्यापासून गोळी बंद करू नका. ती एकदम थांबवली तर भीती उफाळून येते आणि प्रसंगी फिट येऊ शकते. तज्ज्ञाच्या सल्ल्याने, थोडी थोडी, कित्येक आठवड्यांत उतरवत आणायची असते. प्रवासापूर्वीची गोळी या क्रमात लवकर सुटलेली बरी, कारण ती घेऊन केलेल्या प्रवासाचे श्रेय मेंदू तुम्हाला देत नाही, गोळीला देतो.

ज्या गोळ्यांना तुम्ही बिचकता, त्या बहुधा एस्सिटॅलोप्राम किंवा सर्ट्रालिन यांसारख्या असतील. मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाच्या देवाणघेवाणीवर त्या काम करतात. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, थोडी जास्तच अस्वस्थता होऊ शकते. पॅनिकच्या रुग्णांना ती अधिक जाणवते, म्हणून मात्रा अगदी कमी ठेवून सुरुवात करतात. हे आधी न सांगितल्यामुळे कितीतरी जण पाचव्या दिवशी गोळ्या फेकून देतात. लैंगिक इच्छा मंदावणे हाही एक त्रास आहे. संकोच न करता सांगावा, त्यावर उपाय असतात. या गोळ्यांची मात्रा अल्प्राझोलामसारखी वाढत जात नाही, त्यांची ओढही लागत नाही, पण एकदम बंद केल्या तर काही दिवस गरगरते, म्हणून त्याही हळूहळूच उतरवायच्या. बरे वाटू लागल्यानंतर साधारण सहा महिने ते वर्षभर घ्याव्या लागतात. काहींना अधिक काळ लागतात, पण जन्मभर हा नियम नव्हे. मूल होऊ देण्याचा विचार असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा.

गोळ्या की थेरपी, असाही प्रश्न येतो. दोन्ही गुणकारी आहेत; थेरपीचा फायदा ती संपल्यावरही बऱ्यापैकी टिकतो, गोळ्या बंद झाल्यावर त्रास परतण्याची शक्यता त्या मानाने अधिक. मला या बाबतीत एक जुनी गोष्ट नेहमी आठवते. १९६०च्या सुमारास न्यूयॉर्कमधील हिलसाइड रुग्णालयात डोनाल्ड क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञांनी अशाच रुग्णांना इमिप्रामीन हे तेव्हा नवीन असलेले औषध दिले. तीन-चार आठवड्यांनी रुग्ण म्हणत, काही फरक नाही. फरक लक्षात आला तो नर्सच्या : रोज कितीतरी वेळा ‘मी मरतोय’ म्हणत त्यांच्या टेबलाकडे धावणारे रुग्ण धावेनासे झाले होते. अटॅक थांबले होते, तरी अटॅक येईल ही धास्ती मागे उरली होती, आणि ती उतरवायला त्यांना पुन्हा बाहेर, रस्त्यावर न्यावे लागले. तुमचा आजार इतका पसरला आहे की मी दोन्ही एकत्र सुचवीन.

प्राणायामाने भागेल का? शांत, लांब उच्छ्वासाचा, मिनिटाला सहा-सात श्वासांचा सराव रोज केल्यास एकूण ताण कमी होतो आणि तो जरूर करावा. भस्त्रिका किंवा कपालभाती मात्र तूर्त नको. त्या भराभर श्वासाने मुंग्या आणि गरगर सुरू होऊन तुमच्यासारखीला अटॅकच आल्यासारखे वाटू शकते. शिवाय बसमध्ये धडधड सुरू होताच ती थांबवायचे हत्यार म्हणून कोणताही श्वास वापरू नका, नाहीतर पाण्याच्या बाटलीच्या जागी प्राणायाम येईल. चहा दोन कपांवर आणा. काकूंना नजर उतरवू द्यायला माझी हरकत नाही, पैसे आणि वेळ तिथेच संपत नसतील तर. सासूबाईंना एवढेच सांगा की मनावर घेणे न घेणे हाताबाहेर जाते, तेव्हाच त्याला आजार म्हणतात.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने १२ राज्ये पाहिली होती. त्यांत महाराष्ट्र नव्हता, पण तिथे नेहमीच्या मानसिक आजारांच्या ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते, आणि आपल्याकडचे चित्र फार निराळे असेल असे मला वाटत नाही. तुम्ही पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या. जिल्हा रुग्णालयातही हा विभाग असतो आणि तिथे खर्च नाममात्र येतो. थेरपीसाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट पाहा आणि सरळ विचारा की पॅनिकसाठी ते सीबीटी करतात का. रात्री-अपरात्री बोलायची गरज वाटली, किंवा जगणे नकोसे झाल्याचे विचार आले, तर टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीत बोलता येते. संस्थेत कळेल अशी भीती असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तुमच्या आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. पहिल्या भेटीला सगळ्या तपासण्यांची फाइल आणि अल्प्राझोलामची पट्टी सोबत न्या, आणि किती गोळ्या घेता ते खरे सांगा.

मिस्टरांनाही त्या भेटीला न्यावे. त्यांनी आजवर जे केले ते प्रेमापोटीच, पण आता त्यांचे काम थोडे अवघड होणार आहे. ज्या दिवशी तुम्ही कराडचे तिकीट काढून एसटीत बसाल, त्या दिवशी त्यांनी मोटारसायकल घेऊन बसच्या मागून येऊ नये, उंब्रजच्या स्टँडवर वाट पाहत थांबू नये, आणि फोन करायचा तो संध्याकाळी, पतसंस्था सुटल्यावर.